आजारी कामगार आणि दोन दारे

डिचोलीहून सारमानसच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता खाणी भरात असताना पावसाळा सोडून वर्षभर लाल असे. खनिज मातीने भरलेले टिप्पर एकामागोमाग एक मांडवीच्या काठाकडे धावत. तेथे ती माती बार्जांत पडे आणि मुरगावच्या बंदरात आगबोटीवर चढे. ह्या वाटेवर माणसांनी पोट भरले, घरे बांधली, मुलांना शाळेत घातले. ह्याच वाटेवर माणसे जायबंदीही झाली. कोणाचा पाय यंत्राखाली सापडला, कोणाच्या पाठीचा कणा कायमचा दुखावला, कोणाची छाती धुळीने भरली. अशा माणसाचे एकाच वेळी दोन प्रकारांनी नुकसान होते. औषधपाण्याचा खर्च अंगावर येतो आणि तो भागविणारी मजुरी नेमकी त्याच दिवशी थांबते. पहिले नुकसान काही आठवड्यांचे, दुसरे पुष्कळदा जन्माचे. ही दोन नुकसाने घेऊन तो दोन दारांशी उभा राहतो. एक दार धन्याचे, दुसरे सरकारचे. प्रथम कोणाचे दार ठोठवावे, एकाने दिले म्हणजे दुसऱ्याने हात आखडता घ्यावा काय, आणि एक दार बंद झाले तर दुसरे उघडते काय, हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात रुक्ष दिसतात. डिचोली आणि पेडणे ह्या दोन तालुक्यांच्या इतिहासात मात्र ते पुष्कळ घरांच्या उंबरठ्यावर उभे राहिलेले आहेत.

ह्या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर जर्मनीत मिळाले. बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा आणि १८८४ साली अपघातविम्याचा कायदा झाला. आजारपणाच्या विम्यात कामगार आणि मालक दोघांची वर्गणी होती. अपघातविम्याचा भार एकट्या मालकांवर होता. मग कामावर जखमी झालेल्याला कोणी पोसावे? कायद्याने रेघ आखली: पहिले तेरा आठवडे आजारपणाच्या निधीने, चौदाव्या आठवड्यापासून अपघाताच्या निधीने. मालकाच्या अंगावरचा भार तेरा आठवडे पुढे ढकलला गेला, ही टीका तेव्हाच झाली आणि ती गैरवाजवी नव्हती. परंतु जखमी माणसाला आपले दार कोणते हे कोणत्याही दिवशी ठाऊक असे, एवढा गुण त्या रेघेत होता.

त्या काळी गोव्याच्या नव्या काबिजादीत ह्यातले काहीच नव्हते. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले. जुन्या काबिजादीतल्या शहरांत मिझेरिकॉर्दिया ह्या धर्मादाय संस्थेची रुग्णालये होती आणि पणजीस १८४२ पासून वैद्यकीय शाळा चालत होती. पण शापोरेच्या पलीकडे राहणाऱ्या पेडणेकराला वैदू, भाऊबंद आणि देवस्थान हेच आधार. धर्मादायातून मिळे ती दया होती. दया उपकाराची भाषा बोलते आणि हक्काची भाषा बोलू देत नाही, हा भेद पुढील हकिकत समजण्यास उपयोगी पडेल.

पेडण्यातून आणि शेजारच्या सावंतवाडी भागातून पोटासाठी मुंबईस जाण्याची रीत जुनी. गिरणीत लागलेल्या ह्या माणसांच्या वाट्याला विम्याचा हक्क आधी आला. १९४३ साली हिंदुस्थान सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर ह्यांच्यावर कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला, आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा जन्मास आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. परळ-लालबागच्या खोलीत राहणारा पेडण्याचा विणकर त्या वर्षी आजारी पडला तर त्याला विम्याचा डॉक्टर होता आणि सुमारे निम्मी मजुरी होती. त्याच वर्षी गोव्याच्या सीमेवर नाकेबंदी कडक होत चालली होती आणि गावाकडे पैसे पोचविणेसुद्धा अवघड झाले होते. त्याच्या गावचा दुसरा कोणी त्याच सुमारास डिचोलीच्या खाणीवर टोपली उचलीत असेल, तर त्याच्यापाशी ह्यातले काहीही नव्हते.

ह्या कायद्याने दोन दारांची व्यवस्था कशी लावली हे पाहण्यासारखे आहे. कामगार आणि मालक दोघांनी वर्गणी भरावयाची, आणि भरल्यानंतर कामावरच्या दुखापतीची जबाबदारी मालकाकडून महामंडळाकडे जावयाची. विमा उतरलेल्या कामगाराने त्याच दुखापतीसाठी मालकाकडून नुकसानभरपाई मागू नये. एकाच काळासाठी आजारपणाचा भत्ता आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता दोन्ही घेऊ नयेत; कोणता घ्यावयाचा हे मात्र कामगाराने ठरवावे. इथवर हा हिशेब सरकारी तिजोरीच्या सोयीचा दिसतो. पण मालकावरही बंधने होती. आपल्याला वर्गणी भरावी लागते ह्या सबबीवर त्याने मजुरी कमी करू नये, आणि नोकरीच्या शर्तींनुसार तो आधीपासून जे औषधपाणी वा रजा देत असेल ती नियमांच्या मर्यादेपलीकडे कापू नये. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढूही नये. पुष्कळ कामगारांना ही शेवटची तरतूद औषधापेक्षा मोलाची वाटली असेल.

आजारपणाचा भत्ता प्रारंभी वर्षातून ५६ दिवसांचा होता, पुढे तो ९१ दिवसांपर्यंत गेला. क्षय, कर्करोग, पक्षाघात ह्यांसारख्या दीर्घ आजारांसाठी वाढीव भत्त्याची सोय झाली. एकविसाव्या शतकात ती ३४ रोगांना लागू होती, दर मजुरीच्या ८० टक्के आणि मुदत अधिकात अधिक दोन वर्षे. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी लागे. कामावरच्या दुखापतीने कायमचे अपंगत्व आले, तर वैद्यकीय मंडळ कमाईची किती शक्ती गेली ते ठरवी आणि त्या प्रमाणात जन्मभर दरमहा पैसे मिळत. ह्यात एक भेद आहे, तो सहज लक्षात येत नाही. यंत्रात हात गेला तर आयुष्यभर निवृत्तिवेतन; पण अर्धांगवायूने तोच हात निकामी झाला तर दोन वर्षांनी भत्ता संपला. हात दोन्ही वेळा सारखाच निकामी, आणि घरातली तोंडेही तेवढीच.

आता पुन्हा डिचोलीकडे यावयाचे. दुसरे महायुद्ध संपल्यावर गोव्याच्या खनिजाला बाहेर मागणी येऊ लागली आणि १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांमुळे तिला जोर चढला. शिरगाव, मये, लामगाव, साखळी ह्या परिसरात डोंगर उघडे पडू लागले. प्रथम पहारी, फावडी आणि टोपल्या, मग यंत्रे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्या एकदोन वर्षांत भारतीय कायदे एकेक करून येथे लागू होऊ लागले. खाणकामगाराला वाटले असेल की मुंबईच्या गिरणीकामगाराचा विमा आता आपल्यापर्यंत येईल. तो आला नाही. १९४८ च्या कायद्यातील ‘कारखाना’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच १९५२ च्या खाण कायद्याखाली येणारी खाण वगळलेली होती. कोळशाच्या खाणींसाठी स्वतंत्र कल्याणनिधी होता, त्यामुळे दिल्लीत ह्या वगळण्याची फारशी खंत कोणाला वाटली नसावी. डिचोलीत तालुक्याच्या प्रमुख धंद्यालाच विमा नव्हता.

खाणकामगाराच्या हाती उरला तो १९२३ चा नुकसानभरपाई कायदा. त्याची रीत निराळी. येथे वर्गणी नाही आणि दरमहा निवृत्तिवेतनही नाही. तात्पुरत्या अपंगत्वात पंधरवड्याला ठराविक रक्कम, तीही फार तर पाच वर्षे. कायमच्या अपंगत्वात एकरकमी पैसे. कोणते अंग गेले म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली ह्याचे कोष्टकच कायद्याला जोडलेले होते, आणि त्यात अंगठ्याची किंमत ३० टक्के लावलेली होती. १९९५ नंतर हिशेब असा होता: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, त्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे आणि त्यातून गेलेल्या शक्तीचा भाग काढावयाचा. चाळीस वर्षांच्या माणसासाठी हा आकडा १८४.१७. पण मजुरी कितीही असली तरी १९९५ ते २००० ह्या काळात ती २,००० रुपयांच्या वर धरली जात नसे. म्हणजे अंगठा गमावलेल्या चाळिशीतल्या कामगाराला त्या वर्षांत फार तर ६६,३०१ रुपये मिळत. २०१० च्या मे महिन्यात ही मर्यादा ८,००० रुपये झाली, तेव्हा त्याच अंगठ्याचे २,६५,२०५ रुपये झाले. अपघात कोणत्या साली झाला ह्यावर इतके अवलंबून होते.

औषधपाण्याविषयी हा कायदा कितीतरी काळ मूक होता. मालकाने उपचारासाठी काही दिले तर ते भरपाईत वळते करू नये, एवढे संरक्षण त्यात पुढे आले, आणि ते महत्त्वाचे होते. नाहीतर इस्पितळाचे बिल दाखवून भरपाई फेडल्याचा हिशेब मांडता आला असता. पण उपचाराचा खर्च मालकाने दिलाच पाहिजे असा हक्क कामगाराला मिळाला तो २००९ च्या दुरुस्तीने, जानेवारी २०१० पासून. ८६ वर्षे कायदा गेलेल्या अंगाची किंमत करीत होता. ते अंग वाचविण्याचा खर्च कोणी करावा ह्याविषयी त्याने काही सांगितले नव्हते.

मधली पोकळी कोणी भरली? काही अंशी मालकांनी. मोठ्या खाणींवर प्रथमोपचाराची सोय खाण कायद्यानेच सक्तीची केली होती. पुष्कळ ठिकाणी डॉक्टर, दवाखाना आणि रुग्णवाहिका ह्यांची व्यवस्था त्याहून पुढे गेली, आणि तिचा लाभ आसपासच्या गावकऱ्यांनाही मिळाला. तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. तरीही ती नोकरीशी बांधलेली होती. काही अंशी पोकळी भरली सरकारने. १९७६ साली लोह व मँगनीज खाणींतील कामगारांसाठी उपकर आणि कल्याणनिधी असे दोन कायदे झाले. खनिजावर टनामागे अल्प उपकर घ्यावयाचा आणि त्यातून कामगारांसाठी इस्पितळे, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवावयाच्या. खाणपट्ट्याच्या कडेला तिस्क-उसगाव येथील इस्पितळ ह्या निधीतून चालले. क्षयरोग्याच्या घरी निर्वाहभत्ता देण्याची कल्पनाही ह्याच निधीची. मात्र निधी टनांवर चालत होता. माती निघाली तर पैसा; माती थांबली तर तोही थांबला. पुढे वस्तू व सेवा कराच्या आगमनाच्या सुमारास हा उपकरच रद्द झाला.

ह्या सर्वांच्या बाहेर एक मोठा वर्ग राहिला. ज्यांनी कर्ज काढून टिप्पर घेतले आणि स्वतःच चालविले ते कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हतेच. स्वतःच्या ट्रकाखाली पाय सापडलेल्या माणसाने नुकसानभरपाई मागावी कोणाकडे?

गोव्यात कामगार राज्य विमा योजना १९७५ साली आली. डिचोलीची औद्योगिक वसाहत, पेडणे तालुक्यातील तुयें येथील वसाहत आणि बार्देशातील कारखाने ह्यांमधील मजूर तिच्या छायेखाली आले. त्यामुळे एका विचित्र स्थितीने मूळ धरले. एकाच वाड्यावरचे दोन शेजारी, एक वसाहतीत बाटल्या भरणारा आणि दुसरा खाणीवर यंत्र चालविणारा. पहिल्याची मजुरी कमी पण अपंगत्वात निवृत्तिवेतन, दुसऱ्याची मजुरी अधिक पण अपंगत्वात एकरकमी पैसे. त्या रकमेतून कर्ज फिटे, एखादे लग्न होई, आणि मग घरात काही उरत नसे.

विम्याचा हक्क कागदावर असणे आणि इस्पितळ आवाक्यात असणे ह्याही दोन भिन्न गोष्टी आहेत. योजनेचे इस्पितळ मडगावास. पेडण्याहून तेथे जावयाचे म्हणजे शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडून सुमारे ६० किलोमीटरांचा प्रवास. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला आणि काही वर्षे त्या वाटेवर पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला हा प्रवास झेपणारा नव्हता. मग तो म्हापशाच्या सरकारी इस्पितळात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाई. उपचार सरकारी दारी होत, मजुरीचा भत्ता विम्याच्या दारी, आणि दोन्हींना जोडणारा दाखला घेऊन घरातली बाई दोहोंमध्ये खेपा घाली.

विम्याला मजुरीची कमाल मर्यादाही होती. आरंभी ४०० रुपये, २०१० पासून १५,००० आणि जानेवारी २०१७ पासून २१,०००. पगार त्यापलीकडे गेला की माणूस योजनेबाहेर. अशांसाठी मालक समूह विमा काढू लागले. देशातील सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम नावाची पॉलिसी आणली तेव्हापासून ही प्रथा वाढली. समूह विमा इस्पितळाचे बिल भागवितो, मजुरी भरून देत नाही. मुख्य म्हणजे तो नोकरीबरोबर संपतो. दीर्घ आजारात रजा संपते, नोकरी जाते आणि विम्याची गरज सर्वांत अधिक असताना विमाही जातो. अमेरिकेत हाच पेच पडला होता. तेथे १९७२ साली अपंग कामगारांना सरकारी आरोग्यविमा लागू केला, पण अपंगत्वाचा भत्ता सुरू झाल्यावर २४ महिने थांबण्याची अट घातली. १९८६ साली असे ठरविले की अपंग व्यक्ती किंवा तिचा जोडीदार मोठ्या कंपनीत प्रत्यक्ष कामावर असेल तर कंपनीच्या विम्याने प्रथम द्यावे, काम सुटले असेल तर सरकारने प्रथम द्यावे. त्या २४ महिन्यांत माणसाने काय करावे ह्याचे समाधानकारक उत्तर तेथेही मिळालेले नाही. राज्य विमा योजनेने ह्या बाबतीत एक वाट ठेवली होती: कामावरच्या दुखापतीने नोकरी सुटलेल्या विमाधारकाला महिना दहा रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे औषधपाणी निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येई. खाणकामगार मूळचाच बाहेर, तेव्हा ही वाटही त्याची नव्हे.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीची मोहोर उठविली. २०१४ च्या एप्रिलमध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. बेकायदा उत्खननाचा न्यायालयाने केलेला निवाडा येथे विचारात घ्यावयाचा नाही. इतकेच पाहावयाचे की धन्याचे दार ह्या सहा वर्षांत दोनदा बंद झाले, आणि त्याच्या आधारावर औषधे घेणाऱ्या जुन्या रोग्यांचे काय झाले ह्याची चर्चा खनिजाच्या चर्चेइतकी झाली नाही.

ह्याच काळात दुसरे दार मात्र पूर्वीपेक्षा अधिक उघडले. ३० मे २०१६ रोजी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना जाहीर झाली आणि सप्टेंबरपासून चालू झाली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाकाठी अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे उपचार. अट उत्पन्नाची नव्हे, तर गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची. अपंग, वृद्ध व निराधार स्त्रिया ह्यांच्यासाठी त्यापूर्वीच दरमहा साहाय्याची योजना चालू झाली होती. तिला दयानंद बांदोडकरांचे नाव आहे. १९११ साली पेडण्यात जन्मलेले आणि स्वतः खाणमालक असलेले गोव्याचे पहिले मुख्यमंत्री ते हेच. खाणीवर अपंग झालेल्या कित्येकांना दरमहा हक्काने हाती येणारा पैसा प्रथम मिळाला तो ह्या योजनेतून.  त्या रकमेचा त्यांच्या गेलेल्या मजुरीशी काही संबंध नाही.

परंतु वास्तव्याची अट डिचोली-पेडण्यात वेगळीच अडचण निर्माण करते. ह्या तालुक्यांच्या कारखान्यांत रोज सकाळी दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी येथून माणसे येतात. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळ चालू झाला तेव्हापासून पेडण्याकडे येणारी वाट आणखी गजबजली. कामगार विमा माणूस काम कोठे करतो ते पाहतो. राज्याची स्वास्थ्य योजना तो राहतो कोठे ते पाहते. नोकरी आहे तोवर सीमेपलीकडच्या कामगाराला पहिले दार उघडे असते. दीर्घ आजाराने नोकरी सुटली की गोव्याचे दुसरे दार त्याचे नव्हे. त्याने महाराष्ट्राच्या योजनेकडे वळावयाचे, आणि ज्या डॉक्टरांनी वर्षभर उपचार केले ते तेरेखोलच्या अलीकडेच राहतात. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये परप्रांतीय रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला तेव्हा सिंधुदुर्गात जी अस्वस्थता पसरली तिचे मूळ हेच.

२०२२ च्या डिसेंबरात डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये तेथे पुन्हा काम चालू झाले. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे तिच्यात विलीन झाले, आणि तिच्या ‘आस्थापना’ ह्या शब्दाच्या व्याख्येत खाणीचा समावेश आहे. ज्या एका शब्दाने डिचोलीचा कामगार सहा दशके विम्याबाहेर राहिला तो शब्द बदलला आहे. सारमानसच्या रस्त्यावर ज्यांचे पाय त्यापूर्वी गेले, त्यांचा हिशेब मात्र जुन्याच कोष्टकाने, एकरकमी पुरा झालेला आहे.